वाळवंटातलं छोटं घर : जड ते जागेवरचं, हलकं ते कारखान्यातलं



परिसर अभ्यासात 'निवारा' हा घटक शिकवताना आपण मुलांना सांगतो, की जास्त पावसाच्या प्रदेशात उतरत्या छपराची घरे असतात आणि वाळवंटात जाड भिंतींची. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि एक गुण मिळवतात. पण एखादं चौकस पोरगं विचारतं, "सर, भिंत जाड असली की घर थंड कसं राहतं? ऊन तर रोज पडतं. मग एक दिवस भिंत तापणारच ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत मावत नाही.

हे उत्तर समजून घेण्याची गरज आज जास्त आहे. 'मॉड्युलर घर', 'रेडिमेड घर', 'आठ दिवसांत उभं राहणारं घर' अशा जाहिराती आपण सगळेच बघतो. कमी पैशांत, पटकन उभं राहणारं छोटं घर ही गरज खरी आहे. भूकंप किंवा वादळानंतर तर ती फारच खरी असते. पण पत्र्याची पेटी वाळवंटात नेऊन ठेवली, तर ते घर होत नाही, भट्टी होते. त्यात दुपारी तान्हं बाळ आणि आजारी म्हातारं माणूस कसं राहणार? म्हणून आजच्या लेखात आपण बघू, की वाळवंटी हवेत छोटं, जोडत जाता येणारं आणि टिकाऊ घर कसं असावं. त्यासाठी आपला मुख्य नमुना असेल कच्छमधलं 'भुंगा' हे गोल घर.

मॉड्युलर म्हणजे नेमकं काय?

शब्द इंग्रजी आहे, पण कल्पना आपल्या घरातलीच आहे. आपल्याकडे जुन्या लोकांना विचारा, "तुमचं घर केवढं होतं?" ते चौरस फूट सांगणार नाहीत. ते म्हणतील, "पाच खणांचं होतं." दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. हातात पैसा आला, कुटुंब वाढलं, की आणखी दोन खण वाढवायचे. खणाचं माप ठरलेलं असल्यामुळे सुताराला तुळईची लांबी नव्याने काढावी लागत नसे.

मॉड्युलर बांधणी म्हणजे हेच. एक ठरलेला घटक घ्यायचा. तो एकटा असला तरी पूर्ण कामाचा हवा, आणि पुढे त्याच्या शेजारी तसाच दुसरा जोडता आला पाहिजे. मुलांना सांगताना ठोकळ्यांच्या खेळाचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

वाळवंटाचा स्वभाव

घर बांधण्याआधी जागेचा स्वभाव ओळखायला हवा. वाळवंट म्हटलं की आपल्याला फक्त उष्णता आठवते. राजस्थानातल्या फलोदी इथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं, हे खरंच आहे. पण घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे दिवस आणि रात्र यांतला फरक.

जैसलमेर भागात मे महिन्यात दुपारी पारा साधारण ४२ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे २७ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे चोवीस तासांत सुमारे १५ अंशांचा फरक! हवा कोरडी, आकाशात ढग नाहीत. त्यामुळे दिवसा ऊन अडत नाही आणि रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे भराभर निघून जाते. कोकणात असं होत नाही. तिथली दमट हवा रात्रीही उष्णता धरून ठेवते.

म्हणजे वाळवंटात गारवा रोज येतो, फक्त चुकीच्या वेळी येतो. पहाटेचा गारवा दुपारपर्यंत जपून ठेवायचा, एवढंच घराचं काम. हिवाळ्यात उलटं काम. कच्छमधल्या नलियाला हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली जातो. तेव्हा दुपारची ऊब रात्रीसाठी जपायची.

अजून एक गोष्ट नकाशात बघा. कर्कवृत्त कच्छमधून जातं. म्हणजे २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन फारसं पडत नाही, सगळा मारा छपरावर होतो. भिंतींना त्रास होतो तो सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून, कारण तेव्हा ऊन तिरपं येतं. हे मुलांना पृथ्वीगोल आणि टॉर्च घेऊन छान दाखवता येईल.

साठवणं वेगळं आणि अडवणं वेगळं

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. उष्णतेशी वागण्याच्या दोन पद्धती आहेत आणि आपण बऱ्याचदा त्यांची गल्लत करतो.

पहिली पद्धत साठवण्याची. जड वस्तू सावकाश तापते आणि सावकाश निवते. लोखंडी कढई लवकर तापते, पण तीच जाड दगडी पाट्याला विचारा. हिशेबच करून बघू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे ४ किलो भरतो. मातीची ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट जाड भिंत घेतली, तर तिचा एक चौरस मीटर भाग साधारण ७५० किलो भरतो. चार किलोचा पत्रा उन्हात काही मिनिटांत चटका देण्याइतका तापतो. ७५० किलो माती तापवता तापवता सूर्य मावळून जातो. बाहेरच्या उन्हाची धग इतक्या जाड भिंतीतून आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनची उष्णता आत येते मध्यरात्री. तोपर्यंत बाहेर गार वारा सुटलेला असतो. दार-खिडक्या उघडल्या, की भिंत आपली साठवलेली उष्णता सोडून देते आणि सकाळी पुन्हा रिकामी होते.

"मग एक दिवस भिंत तापणारच ना?" याचं उत्तर इथे आहे. रात्री भिंत रिकामी केली नाही, तर ती नक्की तापते आणि मग घर दिवसरात्र गरम राहतं. भिंतीची जाडी हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा उपाय म्हणजे रात्रीचा वारा. वाळवंटातले लोक उन्हाळ्यात ओट्यावर बाजा टाकून झोपतात आणि घर रात्रभर उघडं ठेवतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

दुसरी पद्धत अडवण्याची. गोधडी जड असते म्हणून ऊब देत नाही. तिच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून देते. गवताचं छप्पर तसंच काम करतं. वजनाला हलकं, पण हजारो काड्यांमध्ये हवा अडकलेली. ऊन वरच्या काड्या तापवतं, पण धग खाली उतरत नाही.

म्हणून एक साधं सूत्र मुलांना देता येईल. भिंत साठवते, छप्पर अडवतं. डोक्यावर सगळा मारा येतो, तिथे अडवणारी हलकी वस्तू हवी. बाजूंना साठवणारी जड वस्तू हवी. पत्र्याचं घर यांपैकी एकही काम करत नाही. ते ना साठवतं, ना अडवतं.

भुंगा : एक खोली, एक घर

भुंगा म्हटलं की आपली मुलं हसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर गुणगुणणारा किडा येतो. पण कच्छमध्ये, विशेषतः भुजच्या उत्तरेकडच्या बन्नी या गवताळ भागात, भुंगा म्हणजे गोल मातीचं घर. बन्नीच्या पलीकडे मिठाचं मोठं रण पसरलेलं आहे. इथे गुरं पाळणारे मालधारी राहतात, विणकाम, चामड्याचं काम आणि भरतकाम करणारे मेघवाळ कारागीर राहतात.

भुंग्याची रचना बघा :

* आकार गोल, आतला व्यास साधारण ३ ते ६ मीटर.
* भिंत मातीची. कुठे कच्च्या विटांची, कुठे काटक्यांच्या कुडाला माती थापून केलेली. आतून-बाहेरून लिंपण.
* छप्पर शंकूसारखं, लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर शाकारलेलं. मधला छोटा खांब भिंतीवर आडव्या टाकलेल्या तुळईवर उभा असतो, त्यामुळे खोलीच्या मध्यभागी अडथळा येत नाही.
* एक दार आणि दोन-तीन लहान खिडक्या. छपराची वळचण पुढे आलेली, त्यामुळे भिंतीवर सावली आणि पावसापासून बचाव.
* आतल्या भिंतींवर मातीची नक्षी आणि त्यात बसवलेले आरसे. खिडक्या लहान असल्याने आत उजेड कमी असतो. आरशांमुळे दिव्याचा उजेड खोलीभर पसरतो.

आता गंमत बघा. एका कुटुंबाचा एकच भुंगा नसतो. एका सारवलेल्या उंच ओट्यावर झोपायचा एक भुंगा, पाहुण्यांचा दुसरा, स्वयंपाकाची वेगळी जागा, धान्याच्या मातीच्या कणग्या. मुलाचं लग्न झालं, की त्याच ओट्यावर किंवा शेजारी आणखी एक भुंगा उभा राहतो. जुना पाडावा लागत नाही. मधल्या मोकळ्या जागेत दिवसाची बरीच कामं होतात. मॉड्युलर हा शब्दही न ऐकलेल्या लोकांनी मॉड्युलर वस्ती उभी केली आहे.

आणि आकार गोलच का? इथे गणिताचा तास घेता येतो. १२ मीटर दोरी घ्या. तिचा ४ बाय २ चा आयत केला, तर आत ८ चौरस मीटर जागा मिळते. ३ बाय ३ चा चौरस केला, तर ९. आणि वर्तुळ केलं, तर जवळजवळ साडेअकरा! दोरी तीच, म्हणजे भिंत तेवढीच, पण जागा जास्त. उलट बाजूने बघितलं, तर तेवढ्याच जागेसाठी गोल घराला कमी भिंत लागते. माती कमी, मजुरी कमी आणि उन्हाला तोंड देणारा पृष्ठभागही कमी.

जमीन हलली तेव्हा

आपल्याकडचे पालक इथे लगेच म्हणतील, "मातीचं घर? किल्लारी विसरलात का?" हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायलाच हवं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. तिथली बरीच घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची होती. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना नीट बांधलेला नव्हता, मध्ये नुसती भर होती. वर माळवदाचं छप्पर, म्हणजे मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हेच घर गार राहायचं. पण जमीन हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि डोक्यावरची टनावारी माती खाली आली.

कच्छनेही मोठे भूकंप पाहिले आहेत, १८१९ मध्ये, १९५६ मध्ये आणि २६ जानेवारी २००१ रोजी. २००१ च्या भूकंपात भुज, भचाऊ, अंजार ही शहरं उद्ध्वस्त झाली. दगड-मातीची घरं कोसळली, काँक्रीटच्या इमारतीही कोसळल्या. पण नीट बांधलेले भुंगे मोठ्या संख्येने उभे राहिले. नंतर अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी याची मुद्दाम नोंद घेतली.

फरक कुठे होता? माती दोन्हीकडे होती. पण भुंग्याची भिंत गोल आहे, तिला कोपरे नाहीत. भूकंपात सरळ लांब भिंत बाहेरच्या बाजूला कोसळते, कोपरे फाटतात. गोल भिंतीवर कुठल्याही बाजूने धक्का आला, तरी सगळं कडं मिळून तो झेलतं. एक पोस्टकार्ड सरळ उभं करा, फुंकर मारली की पडतं. तेच गुंडाळून उभं करा, राहतं. आणि दुसरं म्हणजे छप्पर हलकं आहे. ते पडलं तरी माणूस त्याखालून बाहेर येऊ शकतो.

म्हणून 'माती वाईट' किंवा 'माती चांगली' असं एका शब्दात सांगू नका. आकार कसा, जोड कसा आणि डोक्यावर वजन किती, हे तीन प्रश्न विचारायला शिकवा. भारतीय मानक संस्थेने मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून आयएस १३८२७ हे मार्गदर्शक मानकही १९९३ मध्ये काढलेलं आहे.

जड ते जागेवरचं, हलकं ते कारखान्यातलं

आता आजच्या घराकडे येऊ. २००१ नंतर कच्छमध्ये हजारो कुटुंबं काही काळ पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. आपत्तीत पहिला निवारा पटकन मिळायला हवा, त्याला पर्याय नाही. पण कायमचं घर बांधताना काय करायचं?

एका भुंग्याचा हिशेब मांडू. आतला व्यास ५ मीटर, म्हणजे जागा सुमारे २० चौरस मीटर, आपल्या भाषेत २०० चौरस फुटांपेक्षा थोडी जास्त. भिंत ४५ सेंटिमीटर जाड आणि २.२ मीटर उंच. अशा भिंतीचं वजन २५ ते ३० टन भरतं. एवढं वजन दूरच्या कारखान्यात तयार करून ट्रकने वाळवंटात न्यायचं म्हटलं, तर डिझेल किती जळेल आणि भाडं किती होईल? म्हणून रेडिमेड घर विकणारे भिंत हलकी करतात. तेवढीच भिंत पत्र्याची केली, तर दीडशे किलोच्या आसपास बसते. वाहतूक सोपी होते, पण घराचा जीवच निघून जातो.

या पेचातून वाट आहे. घराचे दोन भाग करा. जे जड आहे ते प्रवास करणार नाही, ते जागेवरच्या मातीतून तयार होईल. जे हलकं आहे आणि अचूक मापाचं लागतं, तेवढं कार्यशाळेतून येईल. म्हणजे दार-खिडक्यांच्या चौकटी, छपराचा सांगाडा, भिंतीला कवळून धरणारे पट्टे, पाण्याचे नळ, सौर दिव्याचा संच. मापं सगळीकडे सारखी ठेवली, की एका गावात शिकलेला गवंडी दुसऱ्या गावातही तेच घर बांधू शकतो.

कच्छमध्ये भूकंपानंतर याच दिशेने काम झालं. भुजमधली हुन्नरशाळा ही संस्था भूकंपानंतर स्थानिक कारागिरांना सोबत घेऊन उभी राहिली. भुंग्याचा आकार तोच ठेवून भिंतीसाठी दाबून केलेल्या मातीच्या विटा वापरल्या गेल्या. या विटा भट्टीत भाजत नाहीत. मातीत साधारण पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात आणि पाणी मारून मुरवतात. भाजण्याचं इंधन वाचतं आणि पावसात वीट विरघळत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातलं. नादर खलिली या मूळ इराणी वास्तुशिल्पकाराने तिथे लांब पोत्यांमध्ये ओलसर माती भरून, ती गोल रचत घुमट बांधण्याची पद्धत विकसित केली. दोन थरांच्या मध्ये काटेरी तार टाकतात, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. या निवाऱ्याला २००४ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. विचार करा, रिकामी पोती आणि तारेचं बंडल एका छोट्या गाडीत मावतं. वजन सगळं पायाखाली पडलेलंच आहे!

घर ठरवताना विचारायचे प्रश्न

वाळवंटी हवेसाठी छोट्या मॉड्युलर घराचा आराखडा कोणी समोर ठेवला, तर हे मुद्दे तपासा :

१. एकच खोली बांधली, तर ती पुरेशी आहे का? पुढचे घटक पैसे आल्यावर येतील. पहिला घटक एकटाही उन्हात, थंडीत आणि भूकंपात टिकला पाहिजे.

२. छपराला दोन थर आहेत का? गवत दर काही वर्षांनी बदलावं लागतं, आगीची भीती असते. पत्रा वापरायचाच असेल, तर तो वरची छत्री म्हणून वापरा. खाली बांबू-चटईचं छत आणि मध्ये वीतभर मोकळी हवा ठेवा. वरून पांढरा चुना द्या.

३. रात्रीचा वारा आत येतो का? खिडक्या लहान, पण समोरासमोर हव्यात. वर, छपराजवळ गरम हवा जायला झरोका हवा. जाळी हवी, नाहीतर विंचू-डासांच्या भीतीने कोणी रात्री खिडकी उघडणार नाही आणि सगळं शास्त्र वाया जाईल.

४. भिंतीला बंध आहे का? जोत्याच्या पातळीवर आणि दाराच्या वर, असा भिंतभर फिरणारा पट्टा हवा. गोल घर असलं तरी हवा.

५. जोतं उंच आहे का? मातीचा खरा शत्रू पाणी. बन्नीसारख्या खारट जमिनीत ओल वर चढते आणि तिच्याबरोबर मीठही चढतं. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा धो धो पडतो.

६. दोन घटकांमधली जागा सावलीची आहे का? खोल्या एकमेकींवर सावली धरतील अशा मांडल्या आणि मध्ये मांडव घातला, तर एक खोली फुकट मिळाल्यासारखी असते.

७. छपराचं पाणी साठतं का? २० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६००० लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं असं धरलं, तरी जमिनीखालच्या टाक्यात चार-साडेचार हजार लिटर सहज येईल. त्यासाठी मात्र कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर लागतं, गवताचं चालत नाही.

सातव्या आणि दुसऱ्या मुद्द्यात ओढाताण आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गवत उष्णता अडवतं, पण पाणी देत नाही. घर बांधणं म्हणजे अशी निवड करणं. मोठ्या वर्गातल्या मुलांना ही ओढाताण मुद्दाम दाखवा. 'सर्वांत चांगलं घर' असं एकच उत्तर नसतं, हे त्यांना इथे कळेल.

घर कोणाचं आणि श्रम कोणाचे?

इजिप्तमध्ये हसन फाथी या वास्तुशिल्पकाराने १९४० च्या दशकात लक्झरजवळ 'न्यू गुर्ना' नावाचं गाव मातीच्या विटांचं बांधायला घेतलं. घुमट, कमानी, अंगणं, वारा आत ओढणाऱ्या रचना, सगळं हवामानाला धरून. जगभर त्याचं कौतुक झालं. पण ज्यांच्यासाठी गाव बांधलं, त्यांतल्या बहुतेकांनी तिथे जायला नकार दिला. त्यांची उपजीविका जुन्या गावाशी, तिथल्या प्राचीन थडग्यांशी बांधलेली होती. घर उत्तम होतं, पण मागणी त्यांची नव्हती.

किल्लारीनंतर आपल्याकडे अनेक गावं नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या चौकटीत वसवली गेली. कच्छमध्ये बहुतांश ठिकाणी सरकारने घरमालकाला टप्प्याटप्प्याने पैसे आणि तांत्रिक मदत दिली आणि घर त्याने स्वतः बांधलं किंवा बांधून घेतलं. आपलं घर आपण उभं केलं, की त्याची डागडुजीही आपल्याला कळते.

आणि डागडुजीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलू. मातीचं घर म्हणजे दरवर्षी लिंपण, सारवण. हे काम कोण करतं? आपल्या गावांत आणि कच्छमध्येही बहुतेक करून बाया करतात. एखादी बाई "मला पक्कं घर पाहिजे" म्हणते, तेव्हा ती अडाणीपणाने बोलत नसते. ती आपल्या कंबरेचा हिशेब मांडत असते. सिमेंट मिसळलेली वीट, चुन्याचा गिलावा, उंच जोतं आणि पुढे आलेली वळचण यांनी हे श्रम कमी होतात. टिकाऊ घराचा विचार करताना पर्यावरणाइतकाच हा विचारही हवा.

वर्गात करून बघा

* दोरीचा प्रयोग (तिसरी ते पाचवी) : मैदानावर १२ मीटर दोरीने आयत, चौरस आणि वर्तुळ आखा. प्रत्येकात किती मुलं दाटीवाटीने उभी राहतात ते मोजा.
* डबा आणि कुंडी (चौथी ते सातवी) : एक पत्र्याचा डबा आणि एक जाड मातीची कुंडी उन्हात उपड्या ठेवा. आत एकेक तापमापी. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर तासाला नोंद करा आणि आलेख काढा. दुसऱ्या दिवशी डब्यावर वाळलेल्या गवताचा थर टाकून पुन्हा मोजा. कुंडी आणि गवत यांचं काम वेगळं आहे, हे आलेखातच दिसेल. तापमापी काचेची असेल, तर ती मोठ्यांनीच हाताळावी.
* पोस्टकार्डाची भिंत (सर्व इयत्ता) : सरळ कार्ड, घडी घातलेलं कार्ड आणि गुंडाळलेलं कार्ड. फुंकर मारा, टेबल हलवा. कोण उभं राहतं?
* घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारा, त्यांचं घर किती खणांचं होतं, भिंत कशाची होती, उन्हाळ्यात दुपारी कुठे झोपायचे?

पालकांसाठीही एक सांगणं आहे. उद्या तुम्ही शेतावर खोली बांधाल, वर मजला चढवाल किंवा शाळेसाठी वर्गखोलीचा विषय गावात निघेल. तेव्हा 'किती दिवसांत उभं राहील' याच्या आधी 'मे महिन्यात दुपारी तीन वाजता आत मूल बसू शकेल का' हे विचारा. आपण वाळवंटात राहत नसलो, तरी विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा पत्र्याखाली काढलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आपल्या मुलांनाही तो विचारता आला, तर निवाऱ्याचा पाठ त्यांना खऱ्या अर्थाने समजला असं म्हणता येईल.